विकले जाणारे चेहरे

प्रवासात काढलेल्या व्यक्तिचित्राविषयी ‘परवानगी घेतली होती’ असे छायाचित्रकार सांगतो, तेव्हा त्या वाक्यात बहुधा दोन निराळे व्यवहार एकाच गाठोड्यात बांधलेले असतात. पहिला व्यवहार समोरासमोरचा असतो. घाटावर, बाजारात, देवळाच्या पायरीवर किंवा शेताच्या बांधावर कॅमेरा घेऊन उभा असलेला परका माणूस ‘फोटो काढू का?’ असे शब्दांनी किंवा नुसत्या खुणेने विचारतो आणि समोरची व्यक्ती मान हलवते, पदर सावरते, पागोटे नीट करते, क्वचित हसते. दुसरा व्यवहार त्यानंतर कित्येक महिन्यांनी, दुसऱ्याच शहरात, बहुतेक वेळा संगणकाच्या पडद्यावर घडतो आणि त्यात ते छायाचित्र एखाद्या प्रकाशकाला, जाहिरात संस्थेला, दिनदर्शिका छापणाऱ्याला किंवा अनोळखी ग्राहकाला विकले जाते. मान हलवणारी व्यक्ती या वेळी हजर नसते, असा काही व्यवहार होणार आहे हे तिला सांगितलेले नसते आणि त्यातून येणाऱ्या पैशाशी तिचा काही संबंध नसतो. ज्यात एखाद्या माणसाचा ओळखू येणारा चेहरा हाच चित्राचा विषय आहे ते व्यक्तिचित्र, असा अर्थ येथे धरला आहे. गर्दीची, दिंडीच्या लांबलचक रांगेची किंवा पाठमोऱ्या आकृत्यांची छायाचित्रे या चर्चेबाहेर आहेत. पहिल्या वेळचा होकार दुसऱ्या व्यवहारालाही लागू धरावा, ही प्रवासी छायाचित्रणात रुळलेली समजूत सोयीची खरी, पण ती तपासून पाहिली तर फारशी टिकत नाही.

छायाचित्रणाच्या सर्वच प्रकारांत हा घोटाळा होत नाही. जत्रेत तंबू ठोकून, मागे ताजमहालाचा किंवा विमानाचा रंगवलेला पडदा लावून फोटो काढून देणाऱ्यापुढे जे नवपरिणीत जोडपे ताठ बसत असे, ते गिऱ्हाईक होते. पैसे तेच मोजत आणि छापलेली प्रत त्यांच्याच घरच्या भिंतीवर जाई. भारताच्या १९५७च्या प्रताधिकार कायद्याने, म्हणजे कलाकृतीची प्रत काढण्याचा, ती प्रसिद्ध करण्याचा आणि विकण्याचा हक्क कोणाचा हे ठरवणाऱ्या कायद्याने, ही गोष्ट सतराव्या कलमात नोंदवलेली आहे. मोबदला देऊन कोणी स्वतः छायाचित्र काढवून घेतले असेल, तर वेगळा करार नसताना त्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढवून घेणारा असतो, छायाचित्रकार नव्हे. प्रवासी व्यक्तिचित्रात नेमके उलटे घडते. तेथे चेहरा असणाऱ्याने काहीच मागितलेले नसते, म्हणून प्रताधिकार सगळा छायाचित्रकाराकडे जातो, आणि जत्रेतल्या गरीब जोडप्याला जे स्वामित्व दहा-वीस रुपयांत मिळत होते, ते घाटावर बसलेल्या म्हातारीला तिच्या जगप्रसिद्ध झालेल्या छायाचित्रातही मिळत नाही.

या असमानतेची मुळे जुनी आहेत आणि त्यांतील काही मुंबईतच सापडतात. १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीयही तिच्या कामात होते, त्यामुळे कॅमेरा केवळ गोऱ्यांच्या हाती होता असे म्हणता येणार नाही. तरीही त्या काळच्या ज्या चित्रांना बाजार मिळाला ती कोणत्या प्रकारची होती, हे छायाचित्रकार विल्यम जॉन्सन यांच्या दोन खंडांवरून दिसते. ‘मुंबईतील रहिवासी आणि येणाऱ्याजाणाऱ्या पौर्वात्य जातिजमाती’ अशा आशयाच्या नावाने १८६३ ते १८६६ या काळात निघालेल्या या खंडांत माणसांचे गट बसवून वा उभे करून टिपलेले आहेत आणि पुष्कळ ठिकाणी ते गट मागाहून निराळ्याच पार्श्वभूमीवर चिकटवलेले आहेत. म्हणजे माणूस एका ठिकाणचा, त्याच्या पाठीमागचे देऊळ किंवा तळे दुसऱ्या ठिकाणचे, आणि खाली ओळीत नाव त्याच्या जातीचे. त्याचे स्वतःचे नाव चित्राखाली येत नाही, कारण विकत घेणाऱ्याला ते नको होते; त्याला नमुना हवा होता. लवकरच सरकारी पातळीवर हेच काम मोठ्या प्रमाणावर झाले. १८६८ ते १८७५ या काळात जे. फॉर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ संपादित केला आणि त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे जमातवार लावली. ज्यांचे चेहरे त्यात होते त्यांच्यापैकी कोणी तो ग्रंथ चाळला असेल, अशी शक्यता फार थोडी. पण १८६९मध्ये लंडनला गेलेल्या सर सय्यद अहमद खान यांनी तो इंडिया ऑफिसात पाहिला आणि आपले देशबांधव तेथे ज्या रूपात मांडले होते ते पाहून त्यांना झालेला मनस्ताप त्यांनी प्रवासवृत्तान्तात नोंदवून ठेवला. छायाचित्र पाहणाऱ्यांमध्ये विषय झालेल्यांच्या बाजूचे कोणी असू शकते, ही गोष्ट संपादकांनी गृहीतच धरली नसावी.

विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रमय पोस्टकार्डांचा सुळसुळाट झाला, तेव्हा हा बाजार राणीच्या कारकुनांकडून सामान्य प्रवाशापर्यंत पोहोचला. मुंबईच्या क्लिफ्टन अँड कंपनीसारख्या व्यवसायांनी शहरातील इमारतींबरोबर शहरातील माणसेही कार्डांवर छापली. कोळीण, पाणक्या, नाचणारी, साधू, धोबी असे मथळे असलेली अशी कार्डे बंदरावर उतरलेला खलाशी घेऊन पोस्टाच्या पेटीत टाकत असे. ससून डॉकवर मासे विकणाऱ्या बाईला एका टोपलीमागे जे मिळत असेल त्याहून अधिक कोणीतरी तिच्या चित्रावर मिळवत असेल, असे अनुमान करायला हरकत नाही. व्यक्तीला वर्गाचा प्रतिनिधी करून विकण्याची ही रीत आजच्या व्यवहारातही टिकून आहे आणि तिचे आजचे रूप जरा सावकाश पाहण्याजोगे आहे.

सध्या प्रवासी छायाचित्रांची मोठी विक्री ज्या संस्थांमार्फत होते त्यांना स्टॉक एजन्सी म्हणतात. स्टॉक एजन्सी म्हणजे छायाचित्रांचे कोठार चालवणारी मध्यस्थ संस्था. जगभरचे छायाचित्रकार आपली चित्रे तिच्या संकेतस्थळावर चढवतात, ग्राहक शब्द टाकून हवे ते चित्र शोधतो, ठरावीक शुल्क भरून वापराचा परवाना घेतो आणि त्या शुल्काचा काही भाग छायाचित्रकाराला मिळतो. एका उतरवणीमागे मिळणारा हा भाग पुष्कळदा हास्यास्पद असतो. शटरस्टॉक या संस्थेने जून २०२०मध्ये त्याची किमान मर्यादा दहा सेंटवर आणली, तेव्हा छायाचित्रकारांनी मोठी ओरड केली होती. बहुतेक परवाने एकमेवाधिकाराचे नसतात, म्हणजे तेच चित्र एकाच वेळी कितीही ग्राहक घेऊ शकतात, आणि एकदा शुल्क भरले की ग्राहक ते पुन्हापुन्हा वापरू शकतो. ग्राहकाला चित्र सापडावे म्हणून छायाचित्रकार त्याला शोधशब्द जोडतो, आणि ते असतात ‘ग्रामीण’, ‘भारतीय’, ‘स्त्री’, ‘गरीब’, ‘हसरी’, ‘पारंपरिक’, ‘शेतकरी’ असे. जॉन्सन यांच्या खंडांतील जातिवाचक ओळ आणि आजचा शोधशब्द यांच्यामध्ये दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण दोघांचे काम एकच आहे: विशिष्ट माणसाला त्याच्या नावापासून सोडवून विकण्याजोग्या प्रकारात बसवणे. गंमत अशी की आजच्या व्यवस्थेत त्या माणसाचे नाव फक्त एकाच जागी शिल्लक राहते, आणि ती जागा म्हणजे त्याने सही केलेले संमतिपत्र, जे ग्राहकाला सहसा दाखवले जात नाही.

या संमतिपत्राला व्यवसायात मॉडेल रिलीज असे म्हणतात. त्यात छायाचित्रातील व्यक्तीचे नाव, पत्ता, जन्मतारीख, चित्र काढल्याचा दिवस व ठिकाण, काही मोबदला दिला असल्यास त्याचा उल्लेख, व्यक्तीची आणि छायाचित्रकाराची सही आणि बहुतेक संस्थांच्या नियमानुसार साक्षीदाराची सही असते. व्यक्ती अल्पवयीन असेल तर पालकाची सही लागते. या कागदामागचा इतिहास अमेरिकेतील एका पिठाच्या जाहिरातीपर्यंत जातो. न्यूयॉर्क राज्यातील एका तरुणीचे चित्र तिला न विचारता एका पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीवर छापून त्याच्या सुमारे २५ हजार प्रती वाटण्यात आल्या. तिने दावा केला, पण १९०२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी असा हक्क कायद्यात नाही असे सांगून तो फेटाळला. लोकमत इतके खवळले की पुढच्याच वर्षी, १९०३मध्ये, विधिमंडळाने जाहिरातीसाठी किंवा व्यापारासाठी एखाद्याचे नाव वा चित्र वापरायचे असल्यास त्याची लेखी संमती हवी असा कायदा केला. संमतीचा कागद अशा रीतीने जाहिरातीच्या भीतीतून जन्माला आला, आणि म्हणून तो अजूनही जाहिरातीच्याच कुंपणात आहे.

कुंपण म्हणायचे कारण असे की संपादकीय वापर आणि व्यापारी वापर असे दोन वर्ग व्यवसायाने मानले आहेत. वृत्तपत्र, मासिक, पाठ्यपुस्तक, माहितीपर ग्रंथ यांतील वापर संपादकीय धरला जातो आणि त्याला अनेक देशांत संमतिपत्र लागत नाही. वस्तू, सेवा, पक्ष किंवा योजना यांच्या प्रचारासाठीचा वापर व्यापारी धरला जातो आणि त्याला ते लागते. कलेला तिसरे स्थान मिळते. फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया यांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये वाटसरूंचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले, त्यांतील एका कर्मठ ज्यू वृद्धाने आपल्या धर्मश्रद्धेचा दाखला देऊन दावा लावला, तरी २००६मध्ये न्यायालयाने ही कला आहे, व्यापार नव्हे, असे म्हणून तो काढून टाकला. त्या चित्राच्या प्रती २० ते ३० हजार डॉलरना विकल्या गेल्या होत्या, हा भाग निकालाच्या आड आला नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९८मध्ये उलट दिशा घेतली. माँट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचे छायाचित्र एका कलाविषयक मासिकात तिच्या संमतीविना छापले होते. क्वेबेक प्रांताच्या कायद्यानुसार न्यायालयाने तिला दोन हजार डॉलर भरपाई मिळावी हा निर्णय कायम ठेवला. संपादकीय आणि व्यापारी ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. प्रत्येक देशाने ती आपापल्या सोयीने ओढली आहे आणि ती ओढताना समोर प्रकाशकाची व जाहिरातदाराची अडचण होती, पायरीवर बसलेल्या मुलीची क्वचितच.

या रेघेवरून चित्र किती सहज पलीकडे सरकते, हे न्यूयॉर्कमधल्या आणखी एका प्रकरणात दिसले. एका तरुणीचे छायाचित्र संगीताविषयीच्या लेखासाठी काढलेले होते. संमतिपत्राविना ते एका स्टॉक एजन्सीत गेले आणि २०१३मध्ये राज्याच्या मानवी हक्क विभागाने ते एचआयव्हीबाधितांच्या हक्कांविषयीच्या जाहिरातीत वापरले. तिला हा आजार नव्हता. पुढे तिला सव्वा लाख डॉलर भरपाई मंजूर झाली, पण तोवर तिच्या ओळखीच्या लोकांनी ती जाहिरात वृत्तपत्रात पाहिलेली होती.

महाराष्ट्रात हाच प्रश्न मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि तो प्रवासी छायाचित्रकारांनी मुळातून वाचावा असा आहे. ग्रामीण भागातील एका स्त्रीचे छायाचित्र गावातल्याच ओळखीच्या छायाचित्रकाराने काढले आणि शटरस्टॉकवर चढवले; तेथून ते केंद्राचे ग्रामविकास मंत्रालय, महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि ओडिशा या राज्यांची शासने, एक राष्ट्रीय पक्ष आणि काही खासगी संस्था यांच्या जाहिरातींत व फलकांवर पोहोचले, अशी तिची तक्रार होती. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि न्यायमूर्ती अद्वैत सेठना यांच्या खंडपीठाने हा प्रथमदर्शनी त्या स्त्रीच्या नकळत झालेला व्यापारी वापर दिसतो, असे मत नोंदवून सर्व संबंधितांना नोटिसा काढल्या आणि समाजमाध्यमांच्या काळात हा प्रश्न गंभीर असल्याचे म्हटले. या प्रकरणात दोन गोष्टी विचार करायला लावतात. पहिली ही की छायाचित्रकार परका नव्हता. गावातल्या माणसाला फोटो काढू देण्यात जो विश्वास असतो तोच येथे विक्रीचे भांडवल झाला. दुसरी ही की ज्यांनी चित्र वापरले त्या शासकीय खात्यांपैकी एकानेही, आपल्या योजनेची लाभार्थी म्हणून दाखवलेली ही बाई खरोखर कोण, हे विचारण्याची गरज मानलेली दिसत नाही. शुल्क, परवाना आणि जुळणारे शोधशब्द. कोठाराच्या हिशेबात एवढे पुरेसे असते.

भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही, परंतु आधार नाहीत असेही नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३मध्ये संसदेने संमत केलेल्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती कशी असावी याचे वर्णन केले आहे: ती कशासाठी हवी हे स्पष्ट सांगून मागितलेली असावी, ज्याच्याकडून ती मागायची त्याला ती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. एकट्या प्रवासी छायाचित्रकाराला हा कायदा कुठवर लागू होईल हे न्यायालये ठरवतील. शिवाय निव्वळ घरगुती वापर त्यातून वगळलेला आहे. पण विक्रीला ठेवलेला चेहरा घरगुती राहत नाही, आणि कायद्याने सांगितलेली ही तीन मापे प्रचलित मॉडेल रिलीजला लावून पाहिली तर बहुतेक कागद तिन्हींत नापास होतात. इंग्रजीत छापलेला, ‘कोणत्याही माध्यमात, कोणत्याही प्रयोजनासाठी, कायमचा’ असा हक्क देणारा आणि परत न घेता येणारा कागद मेळघाटातल्या कोरकू स्त्रीच्या अंगठ्यासाठी पुढे करायचा आणि त्याला संमती म्हणायचे, हे छायाचित्रकाराच्या बचावाचे साधन आहे; त्या स्त्रीच्या दृष्टीने त्यात संमतीचा अंश नाही. असा कागद नसण्यापेक्षा असणे बरे, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येते. त्यातच आता चित्रांचा आणखी एक ग्राहक आला आहे. यंत्रांना चित्रे ओळखायला व काढायला शिकवणाऱ्या कंपन्या स्टॉक एजन्सींकडून साठेच्या साठे घेतात. शटरस्टॉकने ओपनएआयशी केलेला सहा वर्षांचा असा करार जुलै २०२३मध्ये जाहीर झाला. दहा वर्षांपूर्वी ज्याने सही केली त्याच्या ध्यानीमनीही हा वापर असणे शक्य नव्हते.

संमतीचा अभाव सत्कार्याच्या ओघात कसा झाकला जातो, याचे सर्वांत बोलके उदाहरण डोरोथिया लँग यांच्या ‘मायग्रंट मदर’चे आहे. १९३६च्या आरंभी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर लँग यांनी फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन या ३२ वर्षांच्या स्त्रीची तिच्या मुलांसह काही छायाचित्रे घेतली. नाव विचारले नाही, हे लँग यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. चित्र महामंदीचे प्रतीक झाले. ते सरकारी कामासाठी काढलेले असल्याने त्यावर प्रताधिकार नव्हता आणि लँग यांनाही त्यातून थेट उत्पन्न नव्हते, हे न्यायाने सांगायला हवे. तरी १९९८मध्ये त्याची एक जुनी प्रत लिलावात २ लाख ४४ हजार ५०० डॉलरना गेली आणि त्याच वर्षी ते टपाल तिकिटावरही आले. थॉम्पसन यांची ओळख १९७८मध्ये उघड झाली, तेव्हा त्यांनी आपल्याला या चित्राचा एक पैसाही मिळाला नाही आणि चित्र विकणार नाही, प्रत पाठवू असे आपल्याला सांगितले होते, अशी तक्रार केली. लँग १९६५मध्येच वारल्या होत्या, त्यामुळे त्या तळावर नेमके काय बोलणे झाले ते आता कळणार नाही. पण तक्रारीचा रोख पाहण्यासारखा आहे. फोटो काढल्याविषयी राग कमी आहे. विक्री आणि न आलेली प्रत या दोन गोष्टी चाळीस वर्षे मनात राहिल्या आहेत. भारतातल्या कोणत्याही खेड्यात प्रवासी छायाचित्रकाराला ‘फोटो पाठवाल ना?’ असे विचारले जाते, त्याचा अर्थ यापेक्षा वेगळा नसतो.

शरबत गुला यांची कथा अधिक परिचित आहे. डिसेंबर १९८४मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅककरी यांनी या अफगाण मुलीचे छायाचित्र घेतले आणि जून १९८५मध्ये ते नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आले. हिरव्या डोळ्यांची ही मुलगी जगाला ठाऊक झाली, पण तिला स्वतःला ते चित्र २००२मध्ये तिचा शोध लागेपर्यंत पाहायला मिळाले नव्हते. नियतकालिकाने नंतर अफगाण मुलींच्या शिक्षणासाठी निधी उभारला, हे चांगलेच झाले. मात्र सतरा वर्षे तिच्या चेहऱ्याबाबत जे काही घडले त्याला असा निधी संमतीचे रूप देऊ शकत नाही. कारणे दोन: ती अल्पवयीन होती आणि ती निर्वासित होती. निर्वासिताला छावणीत आलेल्या कोणाही परक्याला नकार देण्याची मोकळीक नसते, आणि जेथे नकार शक्य नाही तेथे होकाराला काही मोल उरत नाही. हेच कमी-अधिक प्रमाणात दारिद्र्यालाही लागू आहे. इटालियन छायाचित्रकार अलेस्सिओ मामो यांनी २०११मध्ये उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातील गरीब माणसांना खोट्या पदार्थांनी भरलेल्या मेजापुढे, डोळ्यांवर हात ठेवून उभे केले. त्या सर्वांनी सांगितल्याप्रमाणे उभे राहण्यास होकार दिलाच असणार. २०१८मध्ये ती चित्रे वर्ल्ड प्रेस फोटोच्या इन्स्टाग्रामवर आली आणि जगभर संताप उसळला, तेव्हा त्या होकाराचा बचाव कोणाला पुरेसा वाटला नाही.

यावर छायाचित्रकारांचा एक आक्षेप नेहमी असतो आणि तो अगदीच पोकळ नाही. विचारले की माणूस सावध होतो, चेहरा बदलतो, जो क्षण टिपायचा तो निघून जातो. सगळ्यांनी सगळ्यांना विचारले असते तर रस्त्यावरचे छायाचित्रण जन्मालाच आले नसते. दुष्काळ, दंगल, पोलिसी अत्याचार यांची चित्रे तर विचारत बसून निघणारही नाहीत, आणि तेथे जनतेला माहिती मिळण्याचा हक्क वरचढ आहे, हे मान्य करायलाच हवे. परंतु प्रवासी व्यक्तिचित्राला अशी कोणतीही निकड नसते. त्यात आणीबाणी नसते, उघडकीस आणायचा अन्याय नसतो. असते ते सुरेख प्रकाशातले सुरकुतलेले तोंड. विक्रीविषयी विचारायला क्षण टिपल्यानंतरही वेळ असतो, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र दाखवता येते आणि नाही म्हटले तर समोरच पुसून टाकता येते. अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांनी मुंबईच्या फॉकलंड रोडवरील वेश्यावस्तीत काम करायचे ठरवले, तेव्हा आरंभी त्यांच्या अंगावर कचरा आणि पाणी फेकले गेले. त्या हटल्या नाहीत. महिनोन्‌महिने तेथे राहून ओळखी केल्या, तेव्हा कोठे दारे उघडली. या कामाच्या १९८१मध्ये निघालेल्या पुस्तकातील अल्पवयीन मुलींच्या चित्रांवर आज गंभीर आक्षेप घेता येतात आणि घ्यायलाही हवेत, पण फेकलेला कचरा हा नकार आहे हे त्यांनी ओळखले होते. बहुतेक प्रवासी एवढेही थांबत नाहीत.

पैसे देऊन प्रश्न सुटतो का, याचे उत्तर इथिओपियाच्या ओमो खोऱ्यात मिळते. तेथील मुर्सी लोक एका छायाचित्रामागे ठरलेले पैसे मागतात, आणि पर्यटकांच्या आवडीप्रमाणे अंगावरची सजावट वाढवतात. काही प्रवाशांना हे भ्रष्ट झाल्याचे लक्षण वाटते. खरे तर आपल्या चेहऱ्याला बाजारभाव आहे हे ज्यांनी ओळखले त्यांनी तो मागितला, यात गैर काय हे सांगणे कठीण आहे. वाराणसीच्या घाटावर भस्म फासून बसलेला आणि फोटोमागे दक्षिणा मागणारा साधूही तेच करतो. अडचण एवढीच आहे की ते पैसे पहिल्या व्यवहाराचे असतात. वीस रुपये घेणाऱ्याला आपण उभे राहण्याचे वीस रुपये घेतो आहोत असे वाटते, देणारा मात्र त्यात जगभरातल्या जाहिरातींचा हक्क घेतल्याचे धरून चालतो. उलट टोकाला, संपूर्ण मनाईचेही मार्ग आहेत. अंदमानात जारवा लोकांचे छायाचित्र घेणे हा गुन्हा आहे, आणि जपानमधील क्योटोच्या गिओन भागात गेइकोंच्या, म्हणजे तेथील गेइशांच्या, मागे धावणाऱ्या पर्यटकांना कंटाळून रहिवाशांनी २०१९मध्ये खासगी गल्ल्यांत छायाचित्रणाला बंदी घातली व दहा हजार येन दंडाचा फलक लावला.

मराठी छायाचित्रकारांच्या दृष्टीने हा प्रश्न दरवर्षी आषाढात पंढरीच्या वारीत उभा राहतो. दिवे घाटात, रिंगणाच्या मैदानावर, मुक्कामाच्या गावी कॅमेऱ्यांची इतकी गर्दी होते की डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एखाद्या वृद्धेपुढे चार-पाच भिंगे एकदम रोखलेली असतात. ‘माऊली, इकडे बघा’ म्हटले की ती बघते, कारण वारीत कोणी परका नसतो आणि हाक मारणाऱ्यालाही ती माऊलीच मानते. तेथे नकार मिळत नाही, यावरून विक्रीला होकार मिळाला असा अर्थ काढणे हे त्या वातावरणाचा गैरफायदा घेणे आहे. तिने आपला चेहरा वाटेत भेटलेल्या सहप्रवाशाला दाखवला. गुडघेदुखीच्या मलमावर, कर्ज देणाऱ्या कंपनीच्या पत्रकावर किंवा निवडणुकीच्या फलकावर तो दाखवायला ती तयार आहे का, हे तिला कोणी विचारलेले नाही. विचारणे अवघड नाही. अर्ध्या पानाचे, मोठ्या टाइपातले मराठी संमतिपत्र खिशात बाळगता येते. ते तिला आणि तिच्या दिंडीतल्या कोणाला तरी वाचून दाखवता येते, कोठे विकले जाऊ शकते आणि कोठे विकू देणार नाही हे त्यात लिहिता येते, मन बदलले तर कोणाला फोन करायचा तो क्रमांक खाली छापता येतो आणि विक्री झाली तर तिचा वाटा किती तेही ठरवता येते. चित्राची प्रत पाठवायला आता पोस्टाचीही गरज नाही, दिंडीतल्या कोणाच्याही व्हॉट्सअॅपवर ती त्याच मुक्कामात जाते.

आषाढीला कॅमेरा घेऊन निघणाऱ्यांनी एवढे करावे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी वारीची छायाचित्रे जरूर काढावीत, मित्रांना दाखवावीत, ज्यांची आहेत त्यांना पाठवावीत; विक्रीच्या कोठारात मात्र ती चढवू नयेत.